ऐकणारा माणूस : शाळा, मुलांचे मन आणि हातातील मोबाईल

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



शंभर वर्षे पूर्ण केलेल्या वाचनालयाच्या व्यासपीठावरून ग्रंथांविषयी आणि भाषेविषयी काही ऐकावयास मिळावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. आजचा विषय वरकरणी त्या अपेक्षेपासून दूरचा वाटेल. शाळकरी मुलांचे मानसिक स्वास्थ्य आणि मोबाईलच्या पडद्यावरील त्यांची सुरक्षितता हा डॉक्टरांचा, फार तर पोलिसांचा विषय होय, असा समज समाजात रूढ आहे. परंतु या प्रश्नाच्या मुळाशी उतरले की दोन अगदी साध्या गोष्टी हाती लागतात. मुलाला जे सांगावयाचे आहे ते सांगण्यासाठी त्याच्यापाशी शब्द आहेत काय, ही एक; आणि ते ऐकून घेणारे माणूस शाळेत आहे काय, ही दुसरी. शब्द आणि श्रोता यांच्याशी वाचनालयाचा संबंध त्याच्या स्थापनेइतकाच जुना आहे. तेव्हा हा विषय येथे परका ठरू नये.

प्रथम प्रश्नाचा आवाका पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दहा ते एकोणीस वर्षे वयाच्या दर सात मुलांमागे एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. आपल्या देशात २०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वयोगटात हे प्रमाण ७.३ टक्के आढळले. चाळीस मुलांच्या वर्गाचा विचार केला, तर सावधपणे धरलेल्या या दुसऱ्या आकड्यानेही प्रत्येक वर्गात सुमारे तीन मुले निघतात. ही तीन मुले कोण, हे हजेरीपटावरून कळत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. म्हणजे दररोज सरासरी पस्तीसहून अधिक. त्याच वर्षी परीक्षेतील अपयश हे कारण नोंदले गेलेल्या आत्महत्या २,२४८ होत्या. यांपैकी प्रत्येक घटनेमागे कारणांची गुंतागुंत असते, एकाच कारणावर बोट ठेवणे अन्यायाचे होईल, हे मान्य करूनही ज्या समाजात असे घडते त्या समाजाला स्वस्थ बसता येणार नाही.

‘आमच्या वेळी असले काही नव्हते,’ हे वाक्य अशा प्रसंगी हमखास ऐकू येते. ते खरे नाही. त्या वेळीही होते. मात्र त्याला नाव नव्हते. शाळेला निघण्याच्या वेळी नेमके पोट दुखणारा मुलगा, अकारण घाबरी होणारी मुलगी, एकाएकी अभ्यासातून मन उडालेला हुशार विद्यार्थी, हे सर्व त्या काळीही वर्गात बसलेलेच होते. त्यांना कोणी आळशी म्हटले, कोणी हट्टी म्हटले, कोणी दृष्ट लागली असे समजून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. मुलांच्या मनाकडे पाहण्याची निराळी दृष्टी मराठी समाजाला मिळाली नव्हती असेही नाही. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली, आणि शिक्षा व आमिष या दोहोंशिवाय मूल शिकू शकते हा विचार गुजराती आणि मराठी घरांत पोचविला. तो विचार कायद्यात उतरण्यास मात्र आठ दशके लागली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यातील सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली. छडी बहुतेक शाळांतून गेली आहे. सर्वांसमक्ष गुण वाचून दाखविणे, भावंडाशी तुलना करणे, ‘तुझ्याने काही होणार नाही’ असे सहज बोलून जाणे, हे कितपत गेले आहे याचा विचार ज्याने त्याने करावा.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. शाळेने नेमके काय केले असता मुलांचे मन सावरते? सदिच्छेने केलेल्या पुष्कळ गोष्टींचा उपयोग होत नाही, आणि काहींचा होतो. हे गेल्या दहापंधरा वर्षांत काळजीपूर्वक तपासले गेले आहे. त्यांपैकी तीन अभ्यास सांगण्यासारखे आहेत. पहिल्याचा गोमंतकाशी थेट संबंध आहे. १९९६ साली गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने आधी गोव्यातील शाळांत एक उपक्रम राबविला. रूढ अर्थाने मानसशास्त्रज्ञ नसलेल्या, परंतु विशेष प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांना शाळेत नेमावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. त्याचे मूल्यमापन २०१२ साली प्रसिद्ध झाले. याच विचाराचा मोठा प्रयोग पुढे बिहारमधील नालंदा जिल्ह्यात ‘सेहर’ या नावाने झाला. चौऱ्याहत्तर सरकारी माध्यमिक शाळांचे तीन गट पाडण्यात आले. एका गटात बाहेरून नेमलेला ‘सेहर मित्र’ होता. दुसऱ्या गटात तेच काम शाळेतीलच एका शिक्षकाकडे सोपविले होते. तिसऱ्या गटात नेहमीच्या जीवनकौशल्याच्या पाठांखेरीज काही नव्हते. काम तेच होते : प्रार्थनेच्या वेळी बोलणे, भित्तिपत्रक चालविणे, मुलांनी आपले गाऱ्हाणे लिहून टाकावे यासाठी पेटी ठेवणे, दांडगाईविरुद्ध शाळेचा नियम ठरविणे, आणि एकट्याने भेटू इच्छिणाऱ्या मुलाला वेळ देणे.

२०१८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष विचार करावयास लावणारा आहे. जेथे स्वतंत्र मित्र होता तेथे शाळेचे वातावरण पुष्कळ सुधारले, नैराश्याची लक्षणे घटली, दांडगाई आणि मारामारी कमी झाली. जेथे तेच काम शिक्षकाकडे होते तेथे काहीही न केलेल्या शाळांच्या तुलनेत फरक दिसला नाही. यात शिक्षकाचा उपमर्द नाही. ज्याच्या डोक्यावर अभ्यासक्रम, निकाल, जनगणना, निवडणूक आणि नाना तक्ते यांचे ओझे आहे, त्याच्याकडे स्वस्थ बसून ऐकावयास वेळ कोठून असणार? शिवाय मुलाच्या बाजूनेही एक अडचण आहे. जो माणूस उद्या उत्तरपत्रिका तपासणार, त्याच्यापुढे आज मन उघडे करणे कोणाला सोपे जाईल?

दुसरा अभ्यास युरोपातील दहा देशांतील १६८ शाळांत झाला. त्यात ११,११० विद्यार्थी सहभागी होते आणि तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. तेथे आत्महत्येच्या प्रतिबंधासाठी तीन मार्ग पारखले गेले. धोक्यातील मूल ओळखण्याचे शिक्षण शिक्षकांना देणे हा पहिला मार्ग. तज्ज्ञांकडून प्रश्नावलीद्वारे मुलांची तपासणी करणे हा दुसरा. आणि खुद्द मुलांनाच, चार आठवड्यांत मिळून सुमारे पाच तास, नाट्यप्रवेशांच्या आणि चर्चेच्या साहाय्याने ताण, दुःख व मैत्रीतील पेच यांविषयी बोलावयास लावणे हा तिसरा. वर्षभरानंतर पाहता पहिल्या दोन मार्गांनी लक्षणीय फरक पडलेला नव्हता. तिसऱ्या मार्गाने मात्र नव्या आत्मघाताच्या प्रयत्नांचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. तिसरा अभ्यास ब्रिटनमधील ८५ शाळांतील आहे. तेथे शिक्षकांनी अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांकडून सजगतेचे, म्हणजे एक प्रकारच्या ध्यानाचे, पाठ करवून घेतले. २०२२ साली निष्कर्ष आला तो असा की, नेहमीच्या भावनिक शिक्षणापेक्षा त्याचा अधिक लाभ झाला नाही.

हे तिन्ही अभ्यास एकत्र ठेवून पाहिले की एक सूत्र दिसू लागते. साऱ्या वर्गाला एकसारखा व्यायाम घालून दिल्याने फारसे साधत नाही. वरून पाहून दुःखी मूल हुडकून काढण्यानेही फारसे साधत नाही. मुलांच्या तोंडी शब्द आले, आणि ते शब्द ऐकून घेण्यासाठी गुण न देणारा कोणी मोठा माणूस ठरावीक जागी ठरावीक वेळी बसलेला असला, म्हणजे साधते. योगासने, सुविचार आणि मानसिक आरोग्यदिनाची प्रभातफेरी यांना विरोध असण्याचे कारण नाही. परंतु त्यांनी या माणसाची जागा भरून निघत नाही.

शब्दांचा प्रश्न गोमंतकात विशेष बिकट आहे. येथील पुष्कळ मुले घरी कोंकणी बोलतात, पहिली ते चौथी मराठीतून शिकतात, आणि पाचवीत गेली की सारे विषय एकदम इंग्रजीतून त्यांच्यापुढे येतात. हा बदल मुख्यतः अभ्यासाच्या दृष्टीने चर्चिला जातो. पण ज्या वयात मन प्रथमच गुंतागुंतीचे होऊ लागते, त्याच वयाच्या उंबरठ्यावर शाळेतील बोलण्याची भाषाही बदलते, याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ‘करमत नाही’, ‘जीव घाबरा होतो’, ‘पोटात गोळा येतो’, ‘काही नकोसे झाले आहे’, हे मुलाच्या तोंडचे खरे शब्द होत. इंग्रजीतून विचारलेल्या प्रश्नाला ते मूल ‘आय ॲम फाइन, टीचर’ असे उत्तर देऊन मोकळे होते. आजकाल ‘डिप्रेशन’ आणि ‘टेन्शन’ हे दोन शब्द सर्वांच्या ओठी आहेत. मात्र ते इतके सैल झाले आहेत की, एका दिवसाची खिन्नता आणि महिनाभर न सरणारा अंधार या दोहोंना एकच नाव मिळते. मनाची दुखणी देहाच्या भाषेत बोलतात हेही ध्यानी असावे. डोके, पोट, झोप आणि भूक यांच्या तक्रारी वारंवार येऊ लागल्या, वैद्यकीय तपासणीत काही निघाले नाही, तर ते ढोंग आहे असे समजण्याची घाई करू नये.

आता मोबाईलविषयी. ग्रामीण भारताची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार चौदा ते सोळा वर्षांच्या सुमारे नव्वद टक्के मुलामुलींच्या घरी स्मार्टफोन आहे आणि ऐंशी टक्क्यांहून अधिक मुलांना तो वापरता येतो. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात समाजमाध्यमांसाठी त्याचा उपयोग केलेली मुले ७६ टक्के होती. अभ्यासासाठी केलेली ५७ टक्के. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी आपले खाते परक्यांच्या नजरेपासून बंद कसे ठेवावे हे ठाऊक असणारी मुले जेमतेम ५५ टक्के निघाली. घराला दार असले आणि कडी लावता येत नसली, तर जी स्थिती होईल तीच ही होय.

गोव्याने या धोक्याची चाहूल तुलनेने लवकर घेतली होती. २००३ साली संमत झालेला गोवा बालक कायदा हा बालकांच्या संरक्षणासाठी एखाद्या राज्याने केलेल्या सर्वंकष कायद्यांमधील अग्रगण्य कायदा. छायाचित्रे धुऊन देणाऱ्या व्यावसायिकास एखाद्या फिल्मवर बालकाचे अश्लील चित्रण आढळल्यास त्याने पोलिसांना कळविले पाहिजे, असे बंधन त्या कायद्याने घातले. त्या वेळी दुष्कृत्याला वाटेत कोठेतरी एका तिऱ्हाइताच्या दुकानातून जावे लागत असे, आणि तेथे पहारा बसविणे शक्य होते. पुढे प्रत्येक खिशात कॅमेरा आला आणि वाटेवरचे ते दुकान नाहीसे झाले. आता पहारेकरी म्हणून उरले ते दोघेच : स्वतः मूल, आणि ज्याला ते सांगेल असा माणूस.

पडद्यावरून मुलांना होणाऱ्या त्रासाचे प्रकार अनेक आहेत. वर्गमित्रांच्या व्हॉट्सॲप गटातून एकाला काढून टाकून त्याच्याविषयी चेष्टा करणे, हा सर्वांत नित्याचा. पूर्वी शाळा सुटली की दांडगाईही सुटत असे. आता ती जेवणाच्या पाटावर आणि रात्री उशाशी येऊन बसते. दुसरा प्रकार अधिक भयंकर. अनोळखी माणूस समवयस्काचे सोंग घेऊन मैत्री जोडतो, कौतुक करतो, मग ‘हे आपल्या दोघांतच राहू दे’ असे सांगतो. गुपिताची ही मागणी म्हणजे धोक्याची पहिली घंटा होय. पुढे एखादे खासगी छायाचित्र मागितले जाते आणि ते मिळाले की धमकी सुरू होते : आणखी पाठव, किंवा पैसे पाठव, नाहीतर सर्वांना दाखवीन. अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी साध्या छायाचित्रावरूनही खोटे नग्न चित्र तयार करता येते. म्हणजे मुलाने काहीही न पाठविता त्याची बदनामी करण्याची सोय झाली आहे.

या सर्व प्रकारांत गुन्हेगाराचे खरे भांडवल छायाचित्र नसते. मुलाचे मौन हे त्याचे भांडवल असते. मूल घरी सांगणार नाही, शाळेत सांगणार नाही, या खात्रीवर तो उभा असतो. आणि मूल का सांगत नाही? कारण सांगितल्यावर काय होईल हे त्याला पक्के ठाऊक असते. पहिला प्रश्न येईल, ‘तू मुळात तसले केलेसच का?’ मग मोबाईल काढून घेतला जाईल. मुलीच्या बाबतीत कदाचित शिकवणीला जाणेही बंद होईल. ज्याने सांगितले त्यालाच शिक्षा, असा न्याय असेल, तर शहाणे मूल गप्प बसणेच पसंत करील. तेव्हा घरांनी आणि शाळांनी मुलांना आगाऊ, काही घडण्यापूर्वीच, एक वचन द्यावयास हवे : ‘जे झाले ते सांगितल्याबद्दल शिक्षा होणार नाही; आधी मार्ग काढू, चुकीचे मग बोलू.’ हे वचन भिंतीवर लिहून भागत नाही. पहिल्या मुलाने येऊन सांगितल्यावर ते पाळले गेले की नाही, यावर इतर मुले लक्ष ठेवून असतात.

असा प्रसंग आलाच तर काय करावे, हेही स्पष्टपणे सांगणे इष्ट. धमकी देणाऱ्यास पैसे देऊ नयेत आणि आणखी काही पाठवू नये. मागणी पुरविल्याने ती थांबत नाही. घाबरून सारे संवाद पुसून टाकू नयेत. खात्याचे नाव, तारखा आणि संदेश जपून ठेवावेत, मग ते खाते रोखावे. पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर बालकांसंबंधीच्या अश्लील चित्रणाची तक्रार नाव न सांगताही करता येते. अमेरिकेतील हरवलेल्या व शोषित बालकांसाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय केंद्राने ‘टेक इट डाउन’ ही विनामूल्य सेवा सुरू केली आहे. तीत छायाचित्र कोठेही पाठवावे लागत नाही. मुलाच्या स्वतःच्या यंत्रावरच त्या चित्राचा एक आकडी ठसा तयार होतो, आणि सहभागी कंपन्या तो ठसा जुळणारे चित्र आपल्या माध्यमांवरून हटवितात. संकटात सापडलेल्या बालकासाठी १०९८ हा क्रमांक आहे. त्याची सुरुवात १९९६ साली मुंबईतील टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून झाली.

एक दक्षता शिक्षकांनी कटाक्षाने घ्यावी. पुरावा म्हणून असे छायाचित्र मुख्याध्यापकांना, सहकाऱ्यांना किंवा पालकांच्या गटात पुढे पाठविणे हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६७-ब या कलमाने त्यास प्रतिबंध केला आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मधील निकालात असे चित्रण जवळ बाळगण्याविषयीही कठोर भूमिका घेतली, आणि त्यास ‘अश्लील साहित्य’ न म्हणता बालकांच्या लैंगिक शोषणाचे व अत्याचाराचे साहित्य म्हणावे, असे सुचविले. शब्द बदलला की अपराधाचे बोट योग्य दिशेला वळते. ते चित्र म्हणजे मुलाचा दुर्गुण नव्हे, मुलावर झालेल्या अत्याचाराची ती खूण होय.

ऐकणाऱ्या माणसाची सर्वांत अवघड कसोटी गुपिताच्या बाबतीत लागते. मूल म्हणते, ‘सांगतो, पण कोणाला सांगायचे नाही.’ अशा वेळी ‘नाही सांगणार’ असे वचन देऊन बसणे सोपे असते आणि चूकही असते. पॉक्सो कायद्याच्या एकोणिसाव्या कलमानुसार बालकावरील लैंगिक अपराधाची माहिती मिळालेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. न कळविल्यास शिक्षा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखास ती अधिक आहे. स्वतः बालकाला मात्र न सांगितल्याबद्दल शिक्षा नाही, ही तरतूद माणुसकीची आहे. म्हणून प्रामाणिक उत्तर असे असावे : ‘तुझे बोलणे गावभर होणार नाही, पण तुझ्या जिवाला किंवा अंगाला धोका असेल, तर ज्यांची मदत लागेल त्यांना सांगावे लागेल, आणि कोणाला सांगतो आहे ते तुला आधी कळेल.’

जीवन नकोसे झाल्याचे सूचक बोलणे कानी आले, तर विषय टाळू नये. ‘तुझ्या मनात मरणाचे विचार येतात काय?’ असे सरळ विचारल्याने ते विचार मनात पेरले जातात, ही भीती निराधार आहे. उलट विचारणारा भेटल्याने मुलाला पुष्कळदा सुटल्यासारखे वाटते. उपदेश करू नये, वाद घालू नये, मुलाला एकटे सोडू नये. पालकांना बोलवावे आणि तज्ज्ञांकडे पोचवावे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ या सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे अहोरात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत बोलता येते. पोलिसांच्या भीतीने अशी गोष्ट दडपण्याचे कारणही उरलेले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्मघाताचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले आहे. जुन्या दंडसंहितेतील शिक्षेचे कलम जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या न्यायसंहितेत नाही.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर एक महत्त्वाचा निकाल दिला. विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या २०२३ मधील मृत्यूच्या प्रकरणातून तो आला. संसद वा विधिमंडळे कायदा करीपर्यंत सर्व शिक्षणसंस्थांना पाळावी लागतील अशी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे न्यायालयाने घालून दिली. शंभर अथवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमावा. लहान संस्थेने बाहेरील तज्ज्ञाशी रीतसर संबंध जोडावा. सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे. मदतीचे दूरध्वनी क्रमांक ठळकपणे लावावेत. गुणांनुसार मुलांच्या तुकड्या पाडणे व त्यांना जाहीरपणे लज्जित करणे टाळावे, असे त्यात म्हटले आहे. गोव्यातील खेड्यापाड्यांच्या अनेक प्राथमिक शाळांचा पट शंभरच्या खाली आहे. तेथे प्रश्न नेमणुकीचा नसून संबंध जोडण्याचा आहे. चारपाच शाळांनी मिळून एक समुपदेशक आठवड्याचे वार वाटून घेतला, तर न्यायालयाचा हेतू सफल होईल. मोठ्या शाळांत मात्र वेगळीच खबरदारी हवी. समुपदेशक कागदोपत्री नेमून त्याला गैरहजर शिक्षकांचे तास घेण्यास जुंपले, तर नालंदातील दुसऱ्या गटाची पुनरावृत्ती ठरलेली आहे. त्याला बसावयास स्वतंत्र खोली हवी, आणि ती मुख्याध्यापकांच्या दालनाच्या शेजारी नसावी.

‘इतके सर्व करण्यापेक्षा मोबाईलच बंद करावा,’ असा एक सरळ उपाय पुष्कळांना सुचतो. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाती ठेवण्यास मनाई केली. तेथे या मनाईचे उत्तरदायित्व मुलांवर वा पालकांवर नसून कंपन्यांवर टाकले आहे. भारताच्या २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घेण्याची आणि मुलांना उद्देशून जाहिराती न करण्याची तरतूद आहे. वर्गात मोबाईल नसावा, रात्री तो मुलाच्या खोलीबाहेर असावा, हे नियम उपकारकच आहेत. कारण झोप मोडणे हा मन बिघडण्याचा एक सरळ मार्ग आहे. परंतु मनाईने मौन तुटत नाही. चोरून वापरलेल्या मोबाईलवर संकट आले, तर ते सांगणे दुप्पट कठीण होते. म्हणून बंधन जितके कडक, तितकेच ‘सांगितलेस तर शिक्षा नाही’ हे वचनही पक्के असले पाहिजे.

शेवटी या वाचनालयाच्या वाट्याचे काम. मुलांना आपल्या मनाविषयी बोलण्यासाठी शब्द लागतात, आणि ते भाषणांतून मिळत नाहीत, गोष्टींतून मिळतात. प्रकाश नारायण संत यांचा लंपन आजी-आजोबांच्या घरी राहतो, आणि त्याच्या मनात जे चालते ते तो मोठ्यांना सांगत नसला तरी वाचकाला सांगतो. दहाबारा वर्षांच्या मुलाच्या हाती ‘वनवास’ पडले म्हणजे आपल्यासारखे आणखी कोणाला वाटते हे त्याला प्रथमच कळते. अशा पुस्तकांचे एक कपाट पाचवी ते दहावीच्या मुलांसाठी वेगळे काढणे, आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांना कोंकणीत, मराठीत, जमेल त्या भाषेत वाचलेल्याविषयी बोलू देणे, आणि सूचनाफलकावर १०९८, १४४१६ व १९३० हे तीन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून ठेवणे, यास फार निधी लागत नाही. वाचनालयाच्या सभासदांत निवृत्त शिक्षक आहेत, आजी-आजोबा आहेत. त्यांच्यापाशी घरातील व शाळेतील इतर कोणापाशी नसलेली एक वस्तू आहे, ती म्हणजे वेळ. समुपदेशकाचे काम त्यांनी करावयाचे नाही. त्यासाठी प्रशिक्षण लागते. मूल काही सांगू लागले तर हातातील वर्तमानपत्र बाजूला ठेवावे, ‘त्यात काय एवढे’ हे शब्द गिळावेत, आणि ते योग्य ठिकाणी पोचेपर्यंत त्याच्याबरोबर चालावे, इतके त्यांना निश्चितच करता येईल.

वाचनालयाच्या वाचनकक्षात ‘शांतता राखा’ अशी पाटी असते आणि ती असणे योग्यच आहे. मुलांसाठी मात्र आठवड्यातून एक संध्याकाळ ती पाटी उतरवून ठेवावी, ही विनंती.